फुगलेली भिंत आणि दाभण

पुरी फुगली की आपण खूश होतो, पण नव्या घराची भिंत फुगली तर? सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या इमारतीला बाहेरून प्लास्टिकचा जाड, खरखरीत लेप दिला होता. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या आत पाणी शिरलं आणि जागोजागी फुगे आले.

सगळ्यात मोठा फुगा तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीखाली होता. त्याच भिंतीला आतून काकांची खाट टेकलेली, आणि ओल चढल्यापासून काका दम्याने बेजार. तरी काकू येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना फुगा दाखवून विचारत, "बघ गं, कितवा महिना लागलाय हिला?" आणि स्वतःच हसत. मला त्या हसण्याचा रागच यायचा.

एका सकाळी बिल्डरचा माणूस रंगाचे डबे घेऊन आला.

"मावशी, एक हात मारतो. फुगा दिसणारसुद्धा नाही."

"बाळा, आत पाणी आहे."

"शक्यच नाही. माल इम्पोर्टेड आहे."

काकू घरातून गोधडी शिवायचं दाभण घेऊन आल्या आणि त्यांनी ते सरळ फुग्यात खुपसलं. पाण्याची चिळकांडी त्याच्या पँटवर उडाली.

"पाणी पण इम्पोर्टेड का रे?" असं म्हणत त्यांनीच त्याला पुसायला टॉवेल दिला.

डबे परत गेले. बिल्डरला लेप खरवडावा लागला, भिंत वाळली, काकांना झोप लागू लागली.

लबाडीवर रंग चढवायची परवानगी आपणच देतो. तुमच्या दारात असे डबे आले तर उघडू देऊ नका. आधी भिंत उघडायला लावा.