इंदूमावशीने सांगितलेला सामुराई

संदीपचा फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. कामाच्या वेळी तो कधी फोन करत नाही, म्हणून बाहेर येऊन उचलला. "दादा, आई गेली," एवढंच म्हणाला. मेथी निवडता निवडता इंदूमावशी भिंतीला टेकली, ती टेकलेलीच राहिली... जळगावहून धरणगावला पोचलो तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हता. त्यातली निम्मी तरणी पोरं होती, बारीक केस कापलेली, ताठ उभी. संदीप त्यांना फौजेच्या भरतीसाठी तयार करतो. या गोष्टीला आता दीड महिना झाला. माझी ही मावशी सातवी शिकलेली, काका गेल्यावर कोरडवाहू शेती एकटीने ओढणारी. तिच्याविषयी लिहायला बसलो की मला आधी एक जपानी सिनेमा आठवतो. कुणाला हे विचित्र वाटेल. पण आमच्या घरात ते तसंच घडलं.

संदीप तिचा एकुलता एक. त्याला स्वतःला फौजेत जायचं होतं. चार वर्षं तो पहाटे एरंडोल रस्त्यावर धावला. शेवटच्या भरतीत त्याने मैदान मारलं, तेव्हा मित्रांनी निकालाची वाट न बघता चौकात अभिनंदनाचा फलक लावून टाकला. लेखी परीक्षेत तो राहिला. वयाची अटही संपली. फलक उतरायच्या आत पोरगा गावातून नाहीसा झाला. कधीतरी कुठल्याशा नंबरवरून 'बरा शे' एवढा निरोप यायचा, की तो नंबर बंद. मावशी गावाला सांगायची, "नोकरीले शे." मला मात्र म्हणाली होती, पाय धरत येईल तेव्हाच दार उघडीन. अकरा महिने मायलेक असे अडून बसले होते.

त्याच सुमारास मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ती जळगावला माझ्याकडे आली. कॉलेजात मी मुलांसाठी शनिवारी दुपारी सिनेमे दाखवतो. त्या आठवड्यात एक जुना सामुराईपट ठरला होता, तो घरी आधी बघत होतो. काळा चष्मा लावून मावशी शेजारी येऊन बसली. म्हटलं, मावशी, भाषा जपानी, खालची अक्षरं इंग्रजी, तुला काय कळणार? "तोंडं दिखतस ना माले आते!" ती म्हणाली. सिनेमा एका आडदांड खेडवळ पोराचा, मोठा योद्धा होण्याआधीचा. नाव कमवायला तो लढाईवर जातो, हरलेल्या बाजूला सापडतो, मग डोंगरांतून जनावरासारखा पळत राहतो. एक भिक्षू त्याला पकडतो आणि पुस्तकांच्या खोलीत कोंडतो. मावशी पापणी न हलवता बघत होती. मध्येच म्हणाली, "त्याले घर येवानी लाज वाटस." थोड्या वेळाने, स्वतःशीच... "मना संदीप बी असाच शे." शेवटी तो पोरगा पुन्हा वाटेला लागतो. मला वाटलं, हिला आता रडू येणार. तर म्हणाली, "आते सांगीसन गया तो. पयी नही गया." पळून नाही, सांगून गेला. एवढा फरक तिला पुरला होता.

शनिवारी तीही कॉलेजात आली. सिनेमा सुरू झाला आणि खालची अक्षरं काही केल्या दिसेनात. मुलं चुळबुळ करू लागली. मी सिनेमा बंद करणार तोच मावशी पदर खोचून पडद्याशेजारी जाऊन उभी राहिली. "चालू ऱ्हाऊ दे. मी सांगस." आणि तिने खरोखर आख्खा सिनेमा अहिराणीत सांगितला. "आते दखा, पोऱ्या गावना डोंगरवर उना. खाले घर दिखस. पन उतरस नही. काब्र? लाज!" मुलं आधी हसली, मग पुढे सरकून बसली. भिक्षू आला तेव्हा म्हणाली, "म्हातारा त्याले कोंडस, पन हाकलस नही." पडद्याकडे पाठ करून ती मुलांकडे वळली. "तुमनामा कोनी असा व्हई तं आजच घर फोन करा. माय काय खाई जास नही." बोलता बोलता ती स्वतःचंच दार उघडत होती. मला ते लगेच कळलं नाही.

साक्रीच्या एका विद्यार्थिनीने ते मोबाइलवर टिपलं होतं. सुरतेतल्या कुणा साक्रीकराकडून ते चौथ्या दिवशी संदीपपर्यंत पोचलं. त्याने मला फोन केला. पहिला प्रश्न, "दादा, आईना डोयाले काय व्हयनं? काया चष्मा काब्र लाया तिनी?" मी फोन मावशीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी कानाला लावला. मग विचारलं, "कोठे शे तू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जळगावहून गाडीने सुरतला गेलो. कापड बाजाराच्या फाटकावर तो पहारेकऱ्याच्या वेषात उभा होता, निळा सदरा, टोपी, खांद्याला शिट्टी. मान वर करेना. मावशीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "ड्रेस तं भेटना ना तुले!" तो हसायला गेला आणि टोपीत तोंड लपवून रडला. घरी चल असं ती म्हणाली नाही. "येवाना तं ये, नही तं नको. पन नंबर बदलू नको."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो आला, आणि राहिला. शाळेच्या मैदानावर चार पोरांना पळवू लागला. आज चाळीसेक आहेत. दरवर्षी काही जण फौजेत जातात, बरेचसे नापास होतात. भरतीचा निकाल लागला की मावशी ओट्यावर येऊन बसायची. पास झालेले पेढे घेऊन आपसूक येत. ती वाट बघायची ती बाकीच्यांची. मागच्या गल्लीने सटकणाऱ्या एकेकाला आख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी नावाने हाक मारायची, चहा पाजायची, आणि स्वतः त्याच्या घरापर्यंत पोचवून यायची.

गेल्या आठवड्यात निकाल लागला. मी मुद्दाम गेलो होतो. ओटा रिकामा. संदीप मैदानावरून आला, बूट काढले आणि आईच्या जागी मांडी घालून बसला. कोपऱ्यावर एक मुलगा मान खाली घालून निघाला होता. "गणेश!" संदीपने हाक मारली. थेट मावशीची हाक... खणखणीत, कुणाची भीड न ठेवणारी. "मांगून काब्र चालना? इकडे ये, चहा ठेवेल शे." मुलगा थबकला. क्षणभर वाटलं, जाईल तसाच. मग तो वळला, आणि ओट्याची पायरी चढला.