खिंडीतला दगड मी गाळला

करीमभाई गेल्याचं मला तीन दिवसांनी कळलं, तेही बीडच्या फळबाजारात. "मास्तर, तुमचा दोस्त गेला की," विकणारा म्हणाला आणि मी पिशवी तिथेच टाकून घरी आलो. त्याला महिना होतोय. तेव्हापासून तिघांनी सांगितलं, त्यांच्यावर तुम्हीच लिहा, बालाघाट तुमच्याइतका कुणाला कळतो? हे वाक्य ऐकलं की अंगाची लाही होते.

मला काय कळत होतं? मी भूगोलाचा मास्तर, डोंगर फळ्यावर काढणारा. करीमभाई सीताफळांचे व्यापारी. सारा बालाघाट त्यांनी मालासाठी पायी तुडवलेला. कुठल्या उतारावरचं फळ आधी पिकतं, यावरून खाली मुरूम की काळा खडक, हे ते सांगत. पाटोद्याच्या वरच्या खिंडीत उभं करून त्यांनी मला पाणलोट शिकवला. "हिकडं थुकलं की भीमेला, तिकडं थुकलं की गंगेला. पर थुकू नका मास्तर, पीर हाय." गंगा म्हणजे आमची गोदावरी, आणि पीर म्हणजे एक दगड. अर्ध्यावर शेंदूर, अर्ध्यावर हिरवी चादर. आमचे लोक त्यालाच म्हसोबा म्हणत. हंगामाची पहिली पाटी तिथे उतरायची, प्रत्येकाने एक फळ ठेवायचं, मगच माल खाली जायचा. यावरून कधी कुणी भांडलं नाही.

हे सगळं मी बालाघाटावरच्या माझ्या पुस्तकात लिहिलं आणि छापायला देताना दगडाचं पान काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. प्रकाशनाला पुढारी येणार होते, उगाच वाद कशाला... एवढंच. शाल मला मिळाली. करीमभाई प्रस्तावनेत उरले ते 'एक स्थानिक वाटाड्या' म्हणून.

पुढे मुरमासाठी खिंडीत यंत्रं आली. करीमभाईंना मराठी वाचता येत नव्हतं, पण माझ्यावर भरवसा होता. दगड वाचवायला माझंच पुस्तक घेऊन ते तहसील कचेरीत गेले. पिढ्यान्‌पिढ्या फळ ठेवणारी माणसं साहेबाला पुरावा वाटली नाहीत, त्याला छापील ओळ हवी होती. संध्याकाळी करीमभाई माझ्या दारात. "साहेब म्हणतो, दगुड पुस्तकात न्हाई. कावून न्हाई, मास्तर?"

"छापणाऱ्याची चूक," मी म्हणालो. खोटं बोललो. निदान कचेरीत जाऊन साक्ष द्यायची, तेही केलं नाही. आठवड्यात खिंड कापली गेली. साहेबाची चीड येते, पुढाऱ्यांची येते, पण त्यांना वाट मी करून दिली.

परवा करीमभाईंच्या घरी गेलो. हमीदाभाभींना सगळं सांगितलं. त्या गवतावरची फळं उलटवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्हाईत होतं त्यांना. दुसऱ्याच दिशी छापखान्यात गेलते ते."

त्यानंतर बारा वर्षं हा माणूस माझ्याकडे चहाला येत राहिला.

"एक शब्द बोलले नाहीत, भाभी..."

"मी म्हणलं, जाऊन दोन शिव्या तरी हासडा. तर म्हणले, मास्तर सोताच सांगंल एक दिवस." त्यांनी दाराजवळची करीमभाईंची चप्पल पायाने भिंतीकडे सरकवली. "लई उशीर केला तुमी."