बेलाताईंचा टॉरिडनचा शनिवार

बेलाताई किहीमकर ड्रायव्हिंगची टेस्ट चौथ्या खेपेला पास झाल्या, तेव्हा त्या त्रेपन्न वर्षांच्या होत्या. तिसऱ्या खेपेला परीक्षकाने म्हणे घाम पुसत विचारलं होतं, "मॅडम, तुम्हाला नेमकं जायचंय तरी कुठे?" ताईंनी सांगितलं, "स्कॉटलंडला." तो हसला. त्याला वाटलं, बाई विनोद करताहेत.

विनोद कसला? ईलिंगमध्ये त्या आणि अब्राहमभाऊ खालच्या मजल्यावर राहत, मी आणि माझे यजमान वरच्या. भाऊ लंडनच्या बसवर ड्रायव्हर होते, आणि त्यांना लायब्ररीतली पुस्तकं वाचायचा नाद होता. त्यातही बर्फाचा. हजारो वर्षांपूर्वी हिमनद्यांनी स्कॉटलंडच्या दऱ्या कशा कोरून काढल्या, हे ते चहा गार होईपर्यंत सांगत. मी पुण्यात भूगोल शिकवलेला, त्यामुळे आयता श्रोता सापडला होता. एक जुनी बेडफर्ड व्हॅन घेऊन त्यांनी तिच्यात दोन बाकं आणि गॅसची शेगडी बसवली. ताईंनी पडदे शिवले. पडदे लागले आणि त्याच हिवाळ्यात भाऊंना काचबिंदू असल्याचं निघालं. कडेची नजर गेलीच होती. नळीतून पाहावं तेवढंच मधलं दिसत होतं, आणि तेही पुढच्या ख्रिसमसपर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणेनात. लायसन्स गेलं. व्हॅन दारात धूळ खात उभी राहिली.

दुसरी एखादी रडत बसली असती. मी तर नक्कीच. बेलाताईंनी व्हॅनला 'एल'ची पाटी लावली.

१९७१ च्या मे महिन्यात आम्ही तिघं निघालो. मला गाडी चालवता येत नव्हती, नकाशा वाचायला म्हणून घेतलं होतं. ताशी पंचवीस मैलांच्या वर ताई जायच्या नाहीत. मागे गाड्यांची वरात. उत्तरेकडचे रस्ते एका गाडीपुरते, मधेमधे बाजूला व्हायला रुंद जागा. ताई अशा प्रत्येक जागी थांबून मागच्यांना पुढे काढायच्या आणि लग्नाला आल्यासारखे एकेकाचे आभार मानायच्या. माझा स्वभाव उतावळा. मी मनातल्या मनात दात खात बसायची.

पण रस्त्यापेक्षा आभाळाने छळलं. सात दिवस पाऊस. डोंगर होते ते फक्त माझ्या मांडीवरच्या नकाशात. भाऊ काचेला नाक लावून बसायचे आणि ढगाशिवाय काही दिसलं नाही तरी "छान हिरवं आहे हं," म्हणायचे. दोन आठवड्यांची रजा संपत आली होती. सोमवारी ग्लासगो, बुधवारी घर. आणि घरी पोचल्यावर पुन्हा इतकं लांब येणं होणार नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही किनलॉख्यू गावाबाहेरच्या दाट झाडीत गाडी लावली. ताई-भाऊ बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. ताईंनी तेलाचा दिवा लावला आणि त्यांचा विश्रांतीचा वार, शब्बाथ, सुरू झाला. तेव्हापासून शनिवारी रात्री आभाळात तीन तारे दिसेपर्यंत ताई गाडीला हात लावणार नाहीत, काडी ओढणार नाहीत. शनिवारी यावं लागेल म्हणून त्यांनी बिस्किटांच्या कारखान्यातली बरी नोकरी सोडली होती. त्यात मागेपुढे होणं नव्हतं.

आणि शनिवारी सकाळी आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, ते हे! आमच्या भोवती झाडं. भाऊंना बघायची होती ती टॉरिडनची दरी सात मैलांवर. ताईंच्या सांधेदुखीने आणि भाऊंच्या नजरेने चालत जाणं अशक्य. माझ्या ट्रान्झिस्टरवर सांगत होते, उद्यापासून पुन्हा पाऊस.

"उद्या जाऊ गं," भाऊ म्हणाले. "शब्बाथ मोडून कशाला? डोंगर काय पळून चाललाय?"

"डोंगर नाही पळत," ताई म्हणाल्या.

 मग त्यांनी डोक्याला रुमाल बांधला आणि किल्ली घेतली. "अहो, बसा पुढे. पाप लागलं तर मला लागेल. यू जस्ट लुक."

दरीचं वळण आलं आणि मी मांडीवरचा नकाशा बाजूला ठेवला. तांबूस खडकाचे थर एकावर एक चढत आभाळात गेलेले, घळींमध्ये अजून बर्फ, आणि खाली पसरट परातीसारखी दरी. वर्षानुवर्षं फळ्यावर काढलेली आकृती माझ्यासमोर खरी उभी होती. भाऊ खाली उतरले, खुर्ची टाकून बसले आणि हळूहळू मान फिरवत बघायला लागले. एवढं एकाग्र होऊन कोणी काही बघताना मी पाहिलं नव्हतं.

ताई मात्र बघेचनात. डोंगराकडे पाठ करून, गाडीच्या चाकाशी उभ्या राहून त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या. चोरी करताना पकडलेल्या मुलीसारखा चेहरा झाला होता. मला वाईट वाटलं आणि, खरं सांगते, रागही आला.

मग एकदम त्या ओरडल्या, "अगो बाई, चाकोऱ्या!"

रस्त्याकडेला एक सपाट कातळ होता आणि त्यावर लांबच लांब, एकमेकींना समांतर अशा खोल रेघा. ताई गुडघे टेकून त्यांवरून बोटं फिरवत होत्या. कोकणात अलिबागजवळ खंडाळ्याच्या कातळावर रथातून स्वर्गात गेलेल्या प्रेषित एलियाहू हन्नबीच्या रथाच्या खुणा आहेत अशी बेने इस्राएल लोकांची श्रद्धा. ताई लहानपणी तिथे मलिद्याला, म्हणजे नवस फेडायच्या प्रसादाला जायच्या.

"सेम आहेत, सुप्रभा! एक्झॅक्टली सेम. तो इथूनही गेलाय." त्यांचे डोळे भरले. "गाडी घेऊन आलाय तो इथे. मग माझ्यावर नाही रागावणार."

बर्फात अडकलेले दगड हिमनदीबरोबर घासत गेले की कातळावर अशा रेघा उठतात. सातवीच्या पोरीलाही हे ठाऊक. चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला राहवत नाही, आणि मी तोंड उघडलंच. तेवढ्यात भाऊ खुर्चीतून उठून चाचपडत आले. ह्याच रेघा बघायला हा माणूस पाच वर्षं पुस्तकं वाचत होता. ते वाकले, रेघांवर हात ठेवला, आणि मला चांगलं ऐकू जाईल असं म्हणाले, "होय बेला. चाकंच ही."

मी तोंड मिटलं. आयुष्यात फार थोड्या वेळा मिटलंय.

दोन वाजता मी म्हटलं, "चला, झालं ना बघून? थंडी वाजतेय, भूक लागलीय."

ताई म्हणाल्या, "आता नाही गं निघता येणार. तारे दिसेपर्यंत इथेच."

"अहो, पण येताना चालवलीतच की!"

"यायला कारण होतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "परत जायला काय कारण आहे?"

बिनतोड! ताई मलाही शेगडी पेटवू देईनात, म्हणून चहा नाही, गरम काही नाही. ब्रेड आणि कालचे उकडलेले बटाटे खात, ब्लँकेटं पांघरून आम्ही दिवस मावळून तीन तारे दिसेपर्यंत तिथे बसलो. मी ताईंच्या कर्मठपणाला मनात यथेच्छ शिव्या घातल्या. ताई आता डोंगराकडे तोंड करून, भाऊंच्या खुर्चीला टेकून बसल्या होत्या. भाऊंची मान इंचाइंचाने फिरत होती.

रविवारी पाऊस लागला तो घरी पोचेपर्यंत.

ख्रिसमसच्या आधीच भाऊंची नजर पूर्ण गेली. जानेवारीत एकदा मी खाली गेले, तर ते टॉरिडनबद्दल बोलायला लागले. डावीकडून तिसऱ्या घळीतला बर्फ कसा मधेच तुटलेला होता, दुपारी कुठल्या थरावर आधी ऊन आलं, शेवटच्या टोकाखाली एकच झाड कसं वाकलं होतं. मला ह्यातलं काहीसुद्धा आठवत नव्हतं.

"एका दिवसात एवढं पाठ कसं झालं, भाऊ?"

"मला नळीएवढंच दिसायचं ना. तुम्ही डोंगर एका नजरेत बघता, मला तुकड्या-तुकड्याने बघावा लागला. त्या शेवटच्या टोकापाशी पोचलो तेव्हा सहा वाजले होते." आत भांडी घासत असलेल्या ताईंच्या आवाजाकडे त्यांनी तोंड वळवलं. "दोनला निघालो असतो, तर माझा अर्धा डोंगर राहिला असता."