मुलीचा केमिस्ट्रीचा पेपर

मी आखातात, घुब्रातल्या एका भारतीय शाळेत केमिस्ट्री शिकवते. माझी मुलगी अकरावी-बारावीला माझ्याच वर्गात होती. तिच्या पेपरवर लाल पेन फारसं टेकवावंच लागायचं नाही. अमेरिकेतल्या नावाजलेल्या विद्यापीठात ती गेली, तेव्हा मला काळजी होती ती थंडीची. मार्कांची नाही.

दुसऱ्या वर्षी तिने फोनवर सांगितलं, ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या पहिल्या परीक्षेत शंभरपैकी एक्केचाळीस. मी काही बोलायच्या आत म्हणाली, की तिथे ग्रेड वर्गाच्या सरासरीवरून ठरते, आणि वर्गातला प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिला आलेला आहे. एक सी मिळाला तरी जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, घसरतो. पदवीनंतर तिला मेडिकलला जायचं होतं, आणि परदेशी मुलांना तिथल्या जागा आधीच मोजक्या.

मग तिचे फोन कमी झाले. 'बिझी आहे आई' एवढाच मेसेज. तिचे बाबा कामावर, रुसैलच्या कारखान्यात, सगळ्यांना सांगायचे, मुलगी डॉक्टर होतेय. मी वर्गातही फोन जवळ ठेवू लागले. अनोळखी नंबर दिसला की शिकवणं थांबवून उचलायचे. काय ऐकावं लागेल, तो विचार मी पुरा करत नसे.

डिसेंबरात ती घरी आली. मनगटं काडीसारखी झाली होती. फोन वाजला की दचकायची. सत्राचा निकाल लागायचा होता. एका सकाळी मी तिच्याकडून परीक्षेचा पेपर मागून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर सोडवायला बसले. पहिला प्रश्न जमला. दुसऱ्यात अडकले. तिसऱ्यात काय विचारलंय तेच कळेना. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"मलाही नाही सुटत गं," मी म्हटलं.

ती खाली बसली आणि खूप रडली. त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवली.

ग्रेड आली बी-मायनस. मला हायसं वाटलं, तिला नाही. मेडिकलसाठी आता पुढे सगळीकडे ए मिळवावे लागतील, म्हणाली.

परत जायच्या दिवशी विमानतळावर बाबा गाडी लावायला गेले, तेव्हा तिने हळूच विचारलं, "आई, डॉक्टर नाही झाले, तर बाबांना कोण सांगेल?"

"मी सांगेन."

तिने मान डोलावली. तेवढ्यात बाबा ट्रॉली घेऊन आले, आणि आम्ही दोघी बॅगा उचलायला लागलो.