काउंटरमागची आई

वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा आई एका हॉटेलच्या बारमध्ये ग्लास धुवायला लागली. हात साबणात आणि डोळे काउंटरवर, असं तिचं शिक्षण झालं. कशात सोडा घालायचा, कशात टॉनिकचं कडवट पाणी, कशात आल्याचं जिंजर एल, हे ती बघून बघून शिकली. एके दिवशी बारवाला आलाच नाही, तेव्हा हात पुसून ती काउंटरमागे उभी राहिली आणि मग तिथलीच झाली.

तिचा एक हट्ट होता. प्रत्येक ग्लासाला टॉनिकची नवी बाटली. गॅस गेलेलं उरलंसुरलं ती सरळ मोरीत ओतायची. मॅनेजर कुरकुरायचा. पण लोक तिच्या हातची जिन-टॉनिक प्यायला लांबून यायला लागले, तसा तोही गप्प बसला.

आजीला, म्हणजे आईच्या सासूला, पगार चालायचा, काम चालायचं नाही. कुणी विचारलं की ‘सून हॉटेलात हिशेब बघते’ असं ती ठोकून द्यायची.

एका दुपारी आजी किल्ली आत विसरून दार ओढून बसली. दुसरी किल्ली आईकडे. हो-नाही करत आजी माझ्याबरोबर बारमध्ये आली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसली.

काउंटरवर एक धिप्पाड कंत्राटदार होता. जीभ जड झालेली, शेजारी गाडीची किल्ली. त्याने व्हिस्की-सोडा मागितला. आईने बर्फ घातला, ग्लास तिरका धरून सोडा ओतला, लिंबू पिळलं आणि पुढे ठेवला.

“यात व्हिस्की कुठंय?”

“बाटलीत. आज ती तिथंच राहील. गाडीची किल्ली द्या, टॅक्सी बोलावते.”

त्याने आवाज चढवून मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर म्हणाला, “साहेब, इथं ताई म्हणतील तसं.”

 कंत्राटदाराने किल्ली सरकवली आणि गुमान सोडा प्यायला.

आजी उठून काउंटरपाशी आली. “मलाही दे त्यातलं काहीतरी. दारू सोडून.”

आईने नवीन टॉनिक फोडलं, वर लिंबाची साल पिळली.

“कडू आहे गं.”

“कडूच असतं ते,” आई म्हणाली.

आजीने ग्लास संपवला.

घरी येताना जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. “किल्ली आणायला हॉटेलात गेला होतात? सूनबाई हिशेब बघते ना तिथं?”

“हिशेब कसला,” आजी कठड्याला धरून ताठ उभी राहिली. “बार सांभाळते ती. तिच्या शब्दाशिवाय तिथं पेला हलत नाही.”

 आणि ती काकूंच्या शेजारून वर गेली.

दुसऱ्या दिवशी आईचा कामाचा पांढरा शर्ट आजीने स्वतः इस्त्रीला घेतला. कॉलर जरा करपली. आई तोच घालून कामावर गेली.