तिठ्यावरच्या कोंबड्या

"तिना काय दोस शे, मास्तर?"

अक्कांचं हे वाक्य मी साक्रीत होतो तितकी वर्षं ऐकलं. ती म्हणजे कोंबडी. कोंबडी दर वेळी निराळी, वाक्य तेच.

स्वातंत्र्य येऊन फार दिवस झाले नव्हते. मी तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायचो. अक्कांचं परस आमच्या परसाला लागून. त्या एकट्याच राहायच्या, व्यापाऱ्याकडे शेंगा फोडून पोट भरायच्या. गावात कुणाचं दुखणं हटेना की भगत आजाऱ्यावरून कोंबडी ओवाळायला लावी आणि ती तिठ्यावर सोडून यायला सांगे. दुखणं कोंबडीबरोबर गेलं, असा समज. तिला कुणी शिवत नसे. अक्का मात्र तिला पदराखाली घालून घरी आणत, कण्या टाकत आणि तिला आपलीच मानून म्हणत, "आते तू मनी."

त्यांची अंडी कुणी फुकटसुद्धा घेत नसे. मी घेई. शास्त्राच्या मास्तरानं एवढं तरी करावं, असा माझा तोरा. बायको त्या अंड्यांसाठी वेगळं पातेलं ठेवी आणि मी ते न पाहिल्यासारखं करी.

मग अक्कांना चक्कर येऊ लागली. अंगण झाडता झाडता त्या मटकन खाली बसत आणि डोळे मिटून हातानं जमीन चाचपत. कोंबड्यांना वाटे, दाणे टाकायलाच बसल्या. साऱ्या गोळा होऊन मांडीवर चढत. "थांबा व मायहो, धरती फिरी ऱ्हायनी," अक्का डोळे न उघडता त्यांना समजावत. मला हसू येई. गल्लीत मात्र कुणी हसत नसे. साऱ्या गावाची दुखणी घरात आणली, ती आता हिच्या अंगात निघताहेत, असं लोक बोलत. तुमच्याही गल्लीत कुणाबद्दल तरी असं बोलत असतीलच.

मी त्यांना दवाखान्यात नेलं. अंगात रक्त नाही, एकटीनं कुठं जाऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. "एकलीच तं शे मी," अक्का म्हणाल्या.

त्याच पावसाळ्यात माझ्या बायकोला हिवताप झाला. ताप हटेना. तिला बघायला आलेल्या सासूबाईंनी, मी शाळेत असताना, तांबडी कोंबडी तिच्यावरून ओवाळून तिठ्यावर सोडायला लावली. मी फार संतापलो. ताप उतरला. तो क्विनाइननं उतरला, असं मी आजही म्हणतो. संध्याकाळी तांबडी अक्कांच्या अंगणात दाणे टिपत होती.

बायको उठून बसू लागली आणि अक्का वरचेवर पडू लागल्या. बायकोच्या मनानं जे घ्यायचं ते घेतलं. एका दुपारी ती भिंत धरत धरत परसात गेली.

"अक्का, ती तांबडी मला परत द्या. माझं दुखणं माझं मी बघेन."

"येडी पोर," अक्का कोंबड्यांकडे बघत हसल्या. "मी पडनू तं यास्ले कोन देखी, तेवढाच घोर शे माले. तू जाय, पडी ऱ्हाय."

अमावास्येच्या संध्याकाळी मी सायकलवरून गावात परतत होतो. तिठ्याच्या अलीकडे माणसं थांबली होती. मी विचारलं, काय झालं?

"अक्का पडेल शे तठे."

"मग उचला की!"

कुणी हललं नाही. अक्कांच्या भोवती भात, लिंबू, कुंकू सांडलेलं होतं. कुणाच्या तरी दुखण्याचा तो उतारा ओलांडायची छाती कुणाला होईना. लांबूनच हाका मारत होते, एक बाई तर रडत होती. वाईट माणसं नव्हती हो ती. मी भातावर पाय देऊन पुढे गेलो. अक्कांचे हात गार पडले होते. पदराखाली एक काळी कोंबडी हलत होती.

पुढे चौघं आले, सगळं रीतीनं झालं. मी नदीवरून परतलो तेव्हा अक्कांचं अंगण रिकामं होतं. बायकोनं सगळ्या कोंबड्या आमच्या पडवीत आणल्या होत्या, काळीसुद्धा. स्वतः अजून नीट उभी राहत नव्हती. "कुणी हात लावीना," एवढंच ती म्हणाली. नको म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. मी गिळलं.

आता आम्ही जळगावात असतो. कोंबड्या कधीच संपल्या. बायको ठणठणीत आहे, तिला काहीसुद्धा झालेलं नाही. तरी जेवताना ती पाटावरून एकदम उठली की माझा घास हातातच राहतो. ती स्वयंपाकघरात पोचून भांड्यांचा आवाज येईपर्यंत मी तो तोंडात घालत नाही.