मी बोंड झाले तेव्हा

रेवा, निखिल, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी तुमची आजी कापसाचं बोंड झाली.

दोष वांग्यांचा. पिपरी मेघेच्या आपल्या घरामागे मी सोळा झाडं लावली (टेपने अंतर मोजून!), आणि अळीने एकही वांगं सोडलं नाही. शेजारच्या निर्मलाताईंची तीन नातवंडं ती किडकी वांगी फोडून अळ्या बघायची. घरी कापसाची शेती, म्हणून त्यातूनच त्यांनी बोंडअळीचा खेळ काढला. एक जण बोंड, एक शेतकरी, उरलेली अळी. अळीने सरपटत येऊन बोंडात शिरायचं, शेतकऱ्याने तिच्यावर फवारणीच्या पंपाने पाणी मारायचं.

त्या दिवशी चार वाजता महिला मंडळात माझं भाषण होतं: ‘परसबागेतली कीड’. या निमंत्रणाची मी तीन वर्षं वाट पाहत होते! तीन वाजताच मी पांढरी, कडक खळीची साडी नेसून तयार. आणि अंगणात भांडण. बोंड व्हायला कुणीच राजी नव्हतं.

“आजी, तुमी व्हा ना बोंड!” थोरली पिंकी म्हणाली. “तुमी तं पांढऱ्याच हा!”

“दहा मिनिटं. माझ्यावर एक थेंबही उडता कामा नये.”

“नाई उडत जी!”

पिंकीने पंप भरायला नळ सोडला. पाण्याची ही नासाडी? मी शिट्टी वाजवली. (माझ्याकडे शिट्टी असते.)

“नळ बंद! भिंतीजवळच्या ड्रममधलं घे.”

“आजी, त्याले लय वास येऊन राह्यला.”

“पावसाचं साठवलेलं पाणी आहे. वास येणारच! मोठ्यांचं ऐकावं.”

पिंकीने ऐकलं. धाकट्या दोन अळ्या सरपटत आल्या आणि थेट माझ्या निऱ्यांत शिरल्या.

“पिंके, बोंडात घुसली! मार!” निऱ्यांतून एक अळी ओरडली.

पिंकीने मारलं. शेतकऱ्याच्या घरचं पोर, हात सराईत. डोक्यापासून पायापर्यंत एक टीचभर जागा कोरडी सोडली नाही! तेव्हा मला आठवलं, की रविवारी दोन्ही ड्रमच्या जागा मीच बदलल्या होत्या. नीटनेटकं दिसावं म्हणून. भिंतीजवळ आता पावसाचं पाणी नव्हतं; हा किडीवर फवारायचा दशपर्णी अर्क होता. दहा झाडांचा पाला, शेण आणि गोमूत्र, महिनाभर कुजवलेलं!

“म्या सांगतलं होतं ना!” पिंकी नाक दाबून म्हणाली.

दोनदा आंघोळ केली, साडी बदलली, पावडरचा डबा रिकामा केला. भाषण मात्र सोडलं नाही.

“बाई, इथं उंदीर मेला का?” अध्यक्षबाईंनी कुजबुजत विचारलं. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली. पहिली रांग दुसरीत गेली, दुसरी तिसरीत, तिसरी व्हरांड्यात!

“या अर्काच्या नुसत्या वासाने कीड पळते,” मी म्हणाले.

“पटलं जी, बाई!” व्हरांड्यातून आवाज आला.

उरलेला अर्क मी दुसऱ्याच दिवशी झाडांवर फवारला. आज आठ दिवस झाले. महिला मंडळातलं कुणी माझ्याकडे फिरकलेलं नाही. अळ्या मात्र वांग्यांत सुखाने नांदत आहेत.